सदतिसावा फोटो

धाकूमामाला पोलिसाने हटकलं तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्याला सोडवायला मलाच पळावं लागलं. क्युरपिपच्या बसथांब्यावर भर दुपारी हा माणूस मिटलेली काळी छत्री डोळ्यापुढे बंदुकीसारखी धरून उभा होता. बस लांब असतानाच छत्रीचं टोक तिच्यावर लावायचा, ती समोरून गेली की तिच्याबरोबर कमरेतून गर्रकन वळायचा आणि मध्येच जिभेने 'टक्' असा आवाज काढायचा. एक बस झाली की दुसरी, मग सायकलवाला, मग कोणा बड्या साहेबाची काळी मोटार. मोटारीवर छत्री रोखली तेव्हा मात्र पोलीस धावत आला.

"काय चाललंय?"

"सराव," धाकूमामा म्हणाला.

"कसला?"

"पाखरांचा."

आता सांगा, यावर पोलिसाने काय करावं? मी दुकानातून धावत जाऊन सांगितलं, की हा वेडा नाही, आमच्या स्टुडिओतला फोटोग्राफर आहे. पोलिसाने मामाकडे खालून वर पाहिलं. वेडा आणि फोटोग्राफर यांत फारसा फरक त्याला दिसला नसावा, पण त्याने सोडलं. परत येताना मी मामाला चांगलंच झापलं. त्याने शांतपणे कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली, माझ्या हातावर उकडलेले चणे ठेवले आणि म्हणाला, "इंदू, बस लई सोपी गं. बस सरळ जाती. पाखरू नाय जात."

ही आमच्या बेटावरची, सत्तरच्या दशकातली गोष्ट. स्टुडिओत मामा कॅमेऱ्यामागे असायचा आणि मी काउंटरवर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून नवरदेवांच्या गालांवरच्या पुटकुळ्या घालवायची. आम्ही दोघेही कांप दे मास्कचे. रोज सकाळी एकाच बसने उसाच्या शेतांतून वर चढायचं, आणि वर पोचलं की पाऊस ठेवलेलाच. नात्याने तो माझा कोणी नव्हता. आमच्या गावात आईला जो ताई म्हणतो तो आपला मामा, एवढंच. घरची भाजीची शेती सोडून धाकू सावजी नावाचा हा माणूस फोटोग्राफीत कसा शिरला, हे मला कधी नीट कळलं नाही. विचारलं की म्हणायचा, "वांग्याचा फोटो कोण काढून घेणार?"

त्याचं मराठी आमच्या पणज्यांनी जहाजातून आणलेलं, तसंच्या तसं राहिलेलं, आणि मध्ये मध्ये इथल्या क्रेओल बोलीचा मसाला. मी बैठकेत, म्हणजे गावच्या संध्याकाळच्या शाळेत, पुस्तकी मराठी शिकले आणि माझं बोलणं धुवून-पुसून घेतलं. त्याने तसलं काही केलं नाही. म्हणून त्याचं बोलणं मी त्याच्याच शब्दांत देते.

स्टुडिओत त्याचा दरारा होता. पासपोर्टच्या फोटोला माणूस स्टुलावर बसला की मामा काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून गरजायचा, "पा बूझे!" म्हणजे हलू नका. आवाज असा, की धट्टीकट्टी माणसं श्वास धरून बसायची. त्या काळात आमच्या दुकानातून पासपोर्ट घेऊन परदेशी गेलेली सगळी मंडळी फोटोत जरा घाबरलेली दिसतात, त्याचं कारण हे. पण दुकानाबाहेर हाच माणूस इतक्या हळू आवाजात बोलायचा, की बसमध्ये त्याचं ऐकायला मला कान पुढे करावा लागायचा.

लग्नाच्या फोटोंत त्याची एक खोड होती. चालत्या माणसाचा फोटो काढला की तो त्या माणसाच्या पुढे भरपूर जागा मोकळी सोडायचा. एकदा एक नवरीची आई अल्बम घेऊन दुकानात आली. रागाने लाल झाली होती.

"अर्ध्या फोटोत नुस्ती भिंत हाय! माझी लेक कोपऱ्यात आन् बाकी भिंत! कोणी उभं राहणार होतं काय तिथं?"

"तायनू," मामा म्हणाला, "लेक सासरी चालली ना? मग पुढं जायला जागा नको तिला?"

बाईने अल्बम पुन्हा उघडून तो फोटो बघितला आणि तिथेच, काउंटरवर, पदराने डोळे पुसायला लागली. मला हसू दाबता येईना. पण खरं सांगायचं तर नंतर मीसुद्धा तो फोटो चोरून दोनदा पाहिला.

ही खोड आली होती पाखरांवरून. उडत्या पाखराच्या चोचीपुढे जागा ठेवली नाही तर ते फोटोत भिंतीला धडकल्यासारखं दिसतं, असं त्याचं म्हणणं. आणि पाखरं म्हणजे कुठलीही नाहीत. कावळे-साळुंक्यांकडे तो ढुंकून बघायचा नाही. त्याची पाखरं ऑगस्ट-सप्टेंबरात यायची आणि एप्रिल लागला की जायची. फ्लाकच्या किनाऱ्यावर एका नदीच्या मुखाशी ओहोटीला चिखल उघडा पडतो, तिथे ती उतरायची. लांब पायांची, चिखलाच्या रंगाची, दिसायला अगदी साधी. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा म्हटलं, हीच का ती? यांच्यासाठी एवढा आटापिटा?

"बर्फाच्या मुलखातून आल्यात," तो म्हणाला. "सायबेरियातून. मध्ये एवढा समुद्र, टेकायला फांदी नाय की खडक नाय. ती बघ, ती डावीकडली. अजून पंख नीट मिटवत नाय. इतकी दमली."

मग मी जरा नीट पाहिलं.

त्याच्याकडे एक जुना जपानी कॅमेरा होता, आणि हातभर लांब लेन्स. फिल्म मिळणं सोपं नव्हतं, म्हणून त्याने एक युक्ती काढली होती. लग्नाच्या रोलमध्ये छत्तीस फोटो. पण रोल भरताना सुरुवातीचं टोक अगदी नखाएवढंच वाया घालवलं तर शेवटी एक फोटो जास्तीचा निघतो, सदतिसावा. छत्तीस गिऱ्हाइकाचे, ते गिऱ्हाइकाला मिळायचे, त्यात एक कमी नाही. सदतिसावा कोणाचाच नाही, म्हणून पाखरांचा. शनिवारी लग्न उरकलं की रविवारी हा माणूस कॅमेऱ्यात एक, फक्त एक फोटो घेऊन दिवसभर चिखलाच्या कडेला फिलावच्या, म्हणजे सुरूच्या, झाडांखाली बसायचा. पुष्कळदा न काढताच परत यायचा. सोमवारी विचारलं की म्हणायचा, "आज पाखरं बसली व्हती. बसू दिली."

हा त्याचा नियम होता, आणि त्यावरून मी त्याच्याशी पुष्कळ भांडले आहे. मामाला हवा असायचा उडत्या पाखराचा फोटो, पण बसलेल्या पाखराला तो उठवायचा नाही. खडा मारायचा नाही, टाळी वाजवायची नाही, पुढे सरकायचंसुद्धा नाही. कोणी तसं करू लागला की त्याचा हात धरून हळूच म्हणायचा, "लेस ली रेपोझे." विश्रांती घेऊ दे त्याला. ते आपणहून उडेल तेव्हाच खटका दाबायचा.

हे सगळं आपल्या जागी ठीक होतं, पण पुढे ते त्याच्या अब्रूवर आलं.

झालं असं, की एका वर्षी त्याला त्या चिखलात एक नवं पाखरू दिसलं. लांब सरळ चोच, उंच पाय. त्याच्यासारखंच दुसरं एक बेटावर अधूनमधून यायचं, आणि बसलेलं असताना दोघांत फरक करणं कठीण. फरक कळतो उडाल्यावर. या नव्याच्या पंखावर पांढरी पट्टी आणि शेपटीच्या टोकाला काळी. मराठीत त्याला मालगुजा म्हणतात हे मला फार वर्षांनी एका पुस्तकात सापडलं. मामाने ते उडताना दोनदा पाहिलं, आणि दोन्ही वेळा कॅमेऱ्यात फिल्म नव्हती.

पाखरं बघणाऱ्या शिकल्या-सवरल्या साहेबलोकांचं तेव्हा एक छोटं मंडळ होतं. त्यांचे प्रमुख मोस्ये आंद्रे, म्हणजे आंद्रेसाहेब, आमच्या दुकानात फोटो धुवायला द्यायचे. गोरे, सभ्य, टोपी काढून बोलणारे गृहस्थ. मामाने एक दिवस धीर करून त्यांना सांगितलं. ते हसले. वाईट हसले नाहीत, लहान मुलाला हसावं तसं हसले.

"ते पाखरू या बेटावर येत नाही, धाकू. तू नेहमीचंच पाहिलंस. पट्टी उन्हामुळे दिसली असेल."

"दोनदा पायली, मोस्ये."

"मग उडतानाचा फोटो आण. त्यात काय कठीण आहे? माझा ड्रायव्हर टाळ्या वाजवतो, सगळी उडतात."

मोस्ये गेल्यावर मामाने पुडी काढली, पण चणे खाल्ले नाहीत. संध्याकाळी बसमध्ये मला म्हणाला, "इंदू, त्यांना वाटतं मी खोटा बोलतो."

"मग टाळी वाजवा ना एकदा! एकदाच!"

त्याने मानेने नाही म्हटलं. आयो, मला इतका राग आला होता! पुढचे दोन हंगाम ही गोष्ट मंडळात आणि मंडळातून आमच्या गावातही फिरली. 'धाकूचं पाखरू' म्हणजे थाप, असा शब्दच झाला. नाक्यावरच्या दुकानात कोणी काही वाढवून सांगितलं की लोक म्हणायचे, "पट्टी दिसली का पट्टी?" मामा समोर असला तरी म्हणायचे. तो ऐकून घ्यायचा.

तिसऱ्या वर्षी गणपती आले. आमच्या गावचा गणपती मोठा. दीड दिवस झाकरीची नाच-गाणी, आरत्या, सगळं गाव जागं, आणि मग लॉरीवर मूर्ती ठेवून विसर्जनाला किनाऱ्यावर. जागा तीच, नदीच्या मुखाची. फोटो दरवर्षी धाकूमामाच काढायचा. त्या वर्षी तो पुढे जाऊन फिलावांखाली उभा राहिला होता, मी त्याच्याजवळ. त्याने लेन्समधून पाहिलं.

"ते हाय," तो म्हणाला.

चिखलात एक पाय पोटाशी घेऊन, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेलं. एकटंच. बाकीची पाखरं लांब पलीकडे.

मागे रस्त्यावर लॉरी थांबल्याचा आवाज आला. माणसांनी मूर्ती उचलली, आणि तातोबाने ढोलकीवर थाप मारली. आमच्या तातोबाची ढोलकी म्हणजे काय विचारता! त्या थापेने ऊस हलतो असं लोक म्हणायचे. अजून दोनशे पावलं मिरवणूक पुढे आली असती की चिखलातलं एकूण एक पाखरू उठलं असतं. मामाला काहीच करावं लागलं नसतं. त्याने स्वतः उठवलं असंही झालं नसतं. गणपतीनेच उठवलं म्हणायचं, खटका दाबायचा आणि फोटो मोस्येंच्या टेबलावर नेऊन आपटायचा.

आणि हा माणूस कॅमेरा गळ्यात टाकून मिरवणुकीकडे धावत सुटला! हात वर, धोतराचा सोगा चिखलात.

"थांबवा! ढोलकी थांबवा!"

मिरवणूक अडखळली. गणपती मंडळाचे अध्यक्ष गोविंदकाका पुढे आले. "काय झालं रे? कोण बुडालं?"

"पाखरू झोपलंय."

मग हशा उठला. गोविंदकाका मात्र भडकले. "देवाच्या विसर्जनाला ढोलकी थांबवू? पाखरासाठी? आन् धाकू, तेच पाखरू असंल तर उडू दे ना! उडतानाचाच फोटो पायजे ना तुला? एवढी वर्सं थापाड्या म्हणवून घेतलंस, आता चालून आलंय तर!"

"माझ्या फोटोपायी त्याला उठवू, काका?" मामाला धाप लागली होती. "बर्फातून आलंय. आज-कालच उतरलंय. लेस ली रेपोझे."

कोणी तरी मागून "पट्टी दिसली का?" म्हणालं. पुन्हा हशा. मामाचे डोळे भरून आले होते, आणि मला त्या सगळ्यांच्या कानफटात मारावीशी वाटत होती, मामाच्याही.

गावात तातोबाएवढा मानी माणूस नाही. ढोलकी थांबवणं हा त्याचाच अपमान होता. त्याने विचारलं, "किती लांबनं आलंय म्हणतोस?"

मामाने सांगितलं.

"माझा खापरपणजा जहाजातनं उतरला," तातोबा म्हणाला, "त्याच दिवशी उसात धाडला त्याला. बूड टेकू दिलं नाय." मग त्याने ढोलकी गळ्यातून काढली, डाव्या काखेत घेतली आणि दुसऱ्या हाताचा तळवा कातड्यावर सपाट ठेवला. "चला. उगी चला."

आणि आमचा गणपती त्या दिवशी न वाजवता पाण्यात गेला. झांजा बायकांनी पदरात गुंडाळल्या. आरती म्हटली ती पुटपुटत, टाळी न वाजवता. आमची माणसं गप्प राहू शकतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कमरेएवढ्या पाण्यात शंभर माणसं, आणि आवाज फक्त पाण्याचा. मामाने गणपती मंडळाचे फोटो इमानदारीत काढले, पस्तीस, छत्तीस. छत्तिसाव्याला मूर्ती पाण्याखाली गेली.

भरती चढत होती. पाणी त्या पाखराच्या पायाला लागलं. त्याने चोच पिसांतून काढली, एकदा अंग झाडलं, दोन पावलं चाललं. मामाने कॅमेऱ्याची दांडी ओढून बघितली, फिल्म पुढे सरकते का. सरकली. त्याने लेन्स उचलली. पाखरू आपणहून, कसली घाई नसल्यासारखं उठलं, पंख उघडले, आणि मामा बसथांब्यावर वळायचा तसाच कमरेतून वळला. टक्. एकदाच. कोणी श्वाससुद्धा घेतला नव्हता.

सोमवारी डार्करूममध्ये फिल्म टाकीतून काढताना त्याने मला आत बोलावलं. म्हणाला, "तू बघ. मला नाय बघवत." मी ओली फिल्म लाल दिव्यासमोर धरली. निगेटिव्हमध्ये पांढरं ते काळं दिसतं. शेवटच्या चौकटीत दोन उघडे पंख होते, आणि दोन्ही पंखांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली कुळकुळीत काळी रेघ. इतकी सुंदर काळी रेघ मी जन्मात पाहिली नव्हती. मी काही बोलायच्या आत रडायलाच लागले. मामाला वाटलं, फोटो गेला.

मोस्ये आंद्रे भर पावसात दुकानात आले. टोपी काढली, भिंग काढलं, फोटो काउंटरवर ठेवून कितीतरी वेळ वाकून बघत राहिले. मग सरळ झाले आणि मामाला म्हणाले, "मी चुकलो, मोस्ये सावजी." क्युरपिपमध्ये त्याला त्या दिवसापर्यंत कोणी मोस्ये म्हटलेलं नव्हतं. आम्हाला कोणालाच म्हटलेलं नव्हतं.

पाखरांच्या मंडळाच्या पत्रिकेत फोटो छापायचा ठरला. खाली नाव काय लिहू, असं मोस्येंनी विचारलं. मामाने कागदावर लिहून दिलं: 'फोटो: धाकू सावजी, कांप दे मास्क. ढोलकी थांबवली: तातोबा, कांप दे मास्क.' मोस्येंनी ते दोनदा वाचलं. ढोलकी हा कॅमेऱ्याचा कुठला भाग, असं त्यांनी मला हळूच विचारलं. मी सगळं सांगितलं. मग त्यांनी एक अक्षर न बदलता ते छापलं.

तो अंक आमच्या बैठकेत काच लावून टांगला आहे. पाखराच्या चोचीपुढे नेहमीसारखी भरपूर जागा सोडलेली आहे, आणि त्या जागेत खाली, जरा धूसर, पाण्यात उभी असलेली आमची माणसं दिसतात. तातोबा मरेपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याला तो फोटो दाखवून सांगायचा, "हा आमी काढला." मामा शेजारी असला तरी सांगायचा, आणि मामा मान हलवायचा. नाक्यावर 'पट्टी' हा शब्द अजून आहे, पण आता एखादा पैजेत खरा ठरला की लोक म्हणतात, "पट्टी दिसली!"

पुढे मामाची नजर अधू झाली. स्टुडिओ सोडून तो मुलाकडे, तिकडे दक्षिणेला ग्रां बुआला राहायला गेला. माझं लग्न झालं, भेटी कमी झाल्या.

त्याला शेवटचं पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, विसर्जनालाच. दोन बस बदलून एकटाच आला होता, आणि त्याला उशीर झाला होता. मूर्ती फिलावांपर्यंत पोचली होती. मी पाण्याच्या कडेला होते. लांबून मला दिसलं, की रस्त्याच्या वळणावरून एक म्हातारा मिटलेली छत्री उंच धरून लगबगीने येतोय. ढोलकी थांबवायला, गावात असताना दरवर्षी थांबवायचा तशी. त्याला वाटलं होतं, आता कोणाला आठवण राहिली असणार?

पण ढोलकी केव्हाच थांबली होती. तातोबाच्या नातवाने फिलावांपाशी येताच ती काखेत घेतली होती, तळवा कातड्यावर ठेवला होता. झांजा पदरांत होत्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. मामा धावता धावता थबकला, कान देऊन ऐकू लागला. छत्री तशीच वर. शंभर माणसं गप्प उभी होती.

तेवढ्यात भरतीचं पाणी चढलं आणि चिखलातला एक थवा आपणहून उठला. मामाला तो दिसला की नुसता ऐकू आला, कोण जाणे. वर धरलेली छत्री हळूहळू खाली आली, डोळ्यापुढे स्थिरावली, आणि तो कमरेतून वळू लागला, थव्याबरोबर, डावीकडून उजवीकडे, पार समुद्रापर्यंत.

'मामा!' म्हणून हाक मारायला मी तोंड उघडलं होतं. पण आमच्यात तिथे बोलत नाहीत.